वीतभर खंड्या

आमच्या घरी कुत्रा आला तो माझ्या परवानगीने नव्हे. तसे पाहिले तर माझ्या परवानगीने आमच्या घरात येणारी वस्तू एकच, वर्तमानपत्र. आणि तेही बंद करावे असा ठराव अधूनमधून येतोच. २०२१ साली दहावीची परीक्षा झालीच नाही. त्या न झालेल्या परीक्षेत आमचे चिरंजीव उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आणि त्यांनी बक्षीस म्हणून कुत्रा मागितला. पोर दीड वर्ष चार भिंतींत कोंडून होते, ह्या मुद्द्यावर त्याच्या आईचे मत त्याने आधीच मिळवून ठेवले होते. माझ्याकडे प्रश्न आला तो फक्त पैशांचा.

पुण्याहून करंडीत बसून तो सांगलीला आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. पांढराशुभ्र, आणि एका कानावर व एका डोळ्यावर तपकिरी शाई सांडल्यासारखी. करंडीतून बाहेर पडल्यावर त्याने आम्हा तिघांकडे पाहिलेसुद्धा नाही. नाक जमिनीला लावून त्याने साऱ्या घराची पाहणी केली, दिवाणाखाली शिरला, आणि माझी दोन वर्षांपूर्वी हरवलेली चप्पल ओढीत बाहेर आला.

"बाबा, किती हुशार आहे बघा!" चिरंजीव म्हणाले.

मलाही तेव्हा तसेच वाटले. तो कामावर रुजू झाला आहे, हे कळायला मला पुढे वर्ष लागले.

जातीने तो जॅक रसेल टेरियर. 'टेरियर' ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'टेरा', म्हणजे माती, आहे हे मला भाषेचा मास्तर म्हणून ठाऊक होते; पण व्युत्पत्ती ही एखादे दिवशी कोशातून उतरून आपल्या सोफ्यावर चढेल अशी कल्पना नव्हती. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचा एक पाद्री होऊन गेला. जन्म १७९५, मृत्यू १८८३. त्याचा जीव प्रवचनापेक्षा कोल्ह्याच्या शिकारीत अधिक रमे. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, एका गवळ्याजवळची पांढरी कुत्री त्याच्या नजरेत भरली आणि त्याने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प होते; ह्यात माझा काही दोष नाही. तिच्यापासून त्याने जी वीण वाढवली तिचे काम एकच. कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे आत जायचे आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर हुसकायचे. अंग पांढरे अशासाठी की बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या कुत्र्यांनी त्यालाच कोल्हा समजून फाडू नये. छाती अरुंद, कारण ती बिळात मावली पाहिजे. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे आपली एक वीत आणि वर चार बोटे. वजन पाच-सहा किलो. आवाज मात्र जमिनीच्या पोटातून वर ऐकू जावा इतका.

असा हा दोन शतकांचा अनुभवी नोकर आम्ही सांगलीच्या गावभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आणून ठेवला. तिथे बीळ नव्हते, कोल्हा नव्हता, मातीसुद्धा सौ.च्या चार कुंड्यांत होती तेवढीच. ती पहिल्या आठवड्यात संपली. मग सोफ्याची गादी झाली. मग चिरंजिवांच्या अंथरुणात त्याने बीळ पाडले आणि त्यात माझा चष्मा नेऊन ठेवला. एकदा मी द्वितीय वर्षाच्या ट्यूटोरिअलच्या वह्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. परत येतो तो 'ज्ञानेश्वरीतील उपमासौंदर्य' ह्या विषयाच्या सात वह्या तुकडे होऊन पडलेल्या. त्या सात मुलांना मी सरसकट चांगले गुण दिले. खरे सांगायचे तर वाचून दिले असते त्यापेक्षा जास्तच दिले.

शेजाऱ्यांचा प्रश्न गुणांनी सुटण्यासारखा नव्हता. आम्ही घरात नसलो की हा खिडकीत उभा राहून भुंके. खालच्या मजल्यावर एक आजारी आजोबा होते. त्यांच्या सूनबाई दोनदा वर येऊन गेल्या. दोन्ही वेळा त्या इतक्या सौम्यपणे बोलल्या की भांडल्या असत्या तर बरे वाटले असते. शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये मी मिरजेकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांशी बोललो. त्यांचा मळा होता. न्या म्हणाले. घरी सांगितले तेव्हा चिरंजीव काहीच बोलले नाहीत; फक्त दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, सुट्टीपुरता तरी साताऱ्याला ठेवून बघा ना. आईंचं घर मोठं आहे."

आमच्या आईकडे कुत्रा! बाबा गेल्यापासून ती साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत, जुन्या घरात एकटी राहते. वय तेव्हा ७४. सांगलीला येऊन राहा म्हटले की "तुमच्या फ्लॅटला अंगण नाही" एवढेच म्हणते. तिच्या घरात कुत्र्याची हद्द पायरीपर्यंत, मांजराची ओसरीपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा तिने करंडीकडे पाहिले आणि विचारले,

"नाव काय ह्याचं?"

"रॉकी," चिरंजीव म्हणाले.

"रॉकी कसलं रे? साताऱ्यात कुत्र्याला नाव एकच. खंड्या."

सातारकरांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा एक लाडका कुत्रा होता. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत राजाचा लहरीपणा म्हणून नोंदवली आहे. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घातले आणि स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, असेही तो लिहितो. साहेबाला ह्यात लहर दिसली. सातारकरांना कृतज्ञता दिसते. १७४९ साली शाहू महाराज गेले. त्यांची समाधी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आहे आणि जवळच खंड्याचीही आहे, वर दगडाचा कुत्रा बसलेला. आई लहानपणी आजोबांबरोबर माहुलीला जाई तेव्हा त्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून येई. एवढ्या पूर्वपुण्याईवर आमच्या रॉकीचा खंड्या झाला आणि त्याला ओसरीपर्यंत प्रवेश मिळाला.

मधल्या खोलीत प्रवेश त्याने स्वतः मिळवला. त्या घराला घुशींनी पोखरले होते. घूस म्हणजे मोठा उंदीर, असे फ्लॅटमध्ये जन्मलेल्या वाचकांना वाटण्याचा संभव आहे. चांगली किलोभर वजनाची, केसाळ, फिस्कारणारी चीज असते ती, आणि मातीच्या भिंतीशी तिचे वैर पिढीजात. मोरीच्या बाजूने आत शिरून घुशींनी मागच्या खोलीतली शहाबादी फरशी खालून पोकळ केली होती. दोन फरश्या खचल्या होत्या. पिंजरे लावून झाले. औषध घालायला आई तयार नव्हती. "माझ्या घरात विष नको," म्हणे.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मागच्या खोलीत असा काही कल्लोळ उठला की मी काठी घेऊन धावलो. खचलेल्या फरशीच्या फटीतून खंड्याची फक्त शेपटी वर दिसत होती आणि भुंकणे जमिनीखालून येत होते. मातीचा फवारा मागे उडत होता. मग एकदम शांतता. मी चिरंजिवांकडे पाहिले, चिरंजिवांनी माझ्याकडे. एवढ्यात शेपटी हलली, मागे मागे सरकत सबंध खंड्या बाहेर आला, आणि त्याच्या तोंडात, जवळजवळ त्याच्या निम्म्या आकाराची, मान मोडलेली घूस होती. पाद्रीबाबांचा कोल्ह्याला न मारण्याचा दंडक त्याने घुशीला लावला नव्हता. त्याने ती आणली ती सरळ आईच्या पायांशी. त्याला तिघांतून मालक कोण ते कसे कळले, देव जाणे.

महिनाभरात त्याने सहा घुशी मारल्या. मागची खोली शांत झाली. आणि नवल असे की खंड्याही शांत झाला. रात्रभर गस्त, दिवसा झोप. चप्पल सुरक्षित, गादी सुरक्षित. ज्याला आम्ही वर्षभर खोडकर, हट्टी, वेडा म्हणत होतो तो मुळात बेकार होता. सुशिक्षित बेकारांना शिकवण्यात ज्याचा जन्म चालला आहे त्याला हे आधी ओळखू येऊ नये ह्याचे मला वैषम्य वाटले. मळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

सांगलीला परतल्यावर मी शहाणपणाने वागू लागलो. गच्चीच्या कोपऱ्यात वाळूचा मोठा खोका ठेवला. त्यात बिस्किटे, चिंध्या, जुना चेंडू पुरून ठेवायचे आणि खंड्याने ते उकरून काढायचे. रोज सकाळी तासभर, संध्याकाळी पाऊण तास हिंडणे. सकाळी आम्ही हरिपूरच्या रस्त्याने जातो. हरिपूर म्हणजे नाटककार देवलांचे गाव, आणि कृष्णा-वारणेचा संगम. पण खंड्याला रस आहे तो तिथल्या जमिनीत. ह्या मातीत हळद साठवायची पेवे होती: तोंड अरुंद, पोट रुंद, आत वर्षानुवर्षे हळद टिके. पेव उघडले की आतली कोंदट हवा जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बहुतेक पेवे गेली. जमिनीखाली काहीतरी होते, ही बातमी मात्र खंड्याच्या नाकाला अजून ताजी लागते. तो ठरावीक जागी थांबतो, मान तिरकी करून ऐकतो, आणि मला दोरी ओढून त्याला त्या पोकळ वैभवापासून दूर न्यावे लागते.

डॉक्टरांनी यादी दिली होती ती स्वयंपाकघरात लावली. रेबीजची लस दर वर्षी. घुशीशी संबंध आला आहे म्हणून लेप्टोचीही, न चुकता. पावसाळ्यात रोज कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायचे, कारण गोचिडाचा ताप भल्याभल्या कुत्र्यांना नेतो. कांदा नाही, लसूण नाही, चॉकलेट नाही. द्राक्षे नाहीत. यादी सांगलीच्या स्वयंपाकघरात होती. साताऱ्याला तिची प्रत पाठवावी, हे कोणालाच सुचले नाही.

२०२२ च्या दिवाळीला आई सांगलीला आली. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. तासगावच्या एका विद्यार्थ्याने घरच्या बागेचे बेदाणे दिले होते, हिरवट सोनेरी, लांब दाण्याचे; त्यांची वाटी लक्ष्मीपुढे ठेवली होती. सात वाजल्यापासून फटाके सुरू झाले. घुशीला न भिणारा खंड्या ॲटमबॉम्बपुढे मात्र पान होऊन जातो. तो आईच्या कॉटखाली शिरला आणि थरथर कापू लागला. आम्ही खाली लोकांकडे गेलो होतो. आई त्याच्याजवळ बसून होती.

साडेदहाला आम्ही वर आलो तेव्हा त्याला ओकारी झाली होती. सौ. पुसायला गेली आणि तिथेच थांबली. "अहो, ह्यात बेदाणे आहेत."

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मीच दिले. इतका कापत होता... एकेक दाणा दिला की जरा थांबायचा. वाटी संपली." मग आमचे चेहरे पाहून तिने विचारले, "का रे? साताऱ्याला तर मी घूस मारली की दोन-चार द्यायची. देवापुढचे. आवडायचे त्याला."

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. "शिकलेल्या घरात तुला एवढं..." असे काहीसे ते वाक्य सुरू होत होते. ते पुरे होण्यापूर्वी चिरंजिवांनी डॉक्टरांना फोन लावला होता म्हणून बरे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा वाजता डॉक्टरांनी घरच्या कपड्यांत येऊन दवाखाना उघडला. किती खाल्ले? केव्हा? आईने वाटीचा आकार हातांनी करून दाखवला. डॉक्टर म्हणाले, बेदाणा म्हणजे पाणी उडालेले द्राक्षच, त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त जहाल. एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल राहतो. एखाद्याचे मूत्रपिंड थोडक्यावर बंद पडते. कोणाचे काय होईल ते आधी सांगता येत नाही, आणि उतारा असा नाही. कारणाचा माग लागला तो हल्ली. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच चिंचेतही असते. "ओकून टाकले ते उत्तम झाले. उरलेले औषधाने काढू. मग दोन दिवस सलाइन. आणि लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचे, लघवी होते की नाही."

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, सूर्यग्रहण होते. खंडग्रास, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार. आईने जन्मात ग्रहणाचे वेध मोडलेले नाहीत. त्या संध्याकाळी ती दवाखान्यातल्या लाकडी बाकावर बसली होती, मांडीवर खंड्या, आणि सुई लावलेला त्याचा पाय तिच्या हातात. मी म्हणालो, "आई, घरी चल. तुझं स्नान, जप..." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आजाऱ्याला ग्रहणात सूट असते. त्याच्या माणसालाही असते."

तिने दिवसभर पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नव्हता. ते वेधामुळे की कशामुळे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आदल्या रात्रीचे माझे अर्धे वाक्य आम्हा दोघांच्या मध्ये त्या बाकावर बसले होते. बाहेर फटाके वाजत होते. प्रत्येक आवाजाला खंड्याचे अंग शहारे आणि आईचा हात त्याच्या पाठीवरून फिरे. देण्यासारखे तिच्याजवळ आता दुसरे काही नव्हते. सात वाजता डॉक्टरांनी त्याला खाली उतरवले. तो चार पावले झोकांड्या खात चालला, दवाखान्याच्या दारातल्या कण्हेरीपाशी थांबला, विचार केला, आणि पाय वर केला.

एका कुत्र्याच्या लघवीकडे चार सुशिक्षित माणसांनी इतक्या भक्तिभावाने पाहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. चिरंजिवांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "आई, रात्री मी बोललो ते..." "अरे, तू त्या वेळी घाबरला होतास," ती म्हणाली, आणि पिशवीतून तांब्या काढून पाणी प्यायली. ग्रहण सुटलेले होते.

२६ला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली, आणि त्याच दुपारी रक्ताचा तपास समाधानकारक आला. आठवड्याने पुन्हा केला, तोही. चिरंजीव पुढल्या वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. तेव्हापासून खंड्याचे दोन संसार आहेत: कॉलेज चालू असेतो सांगली, सुट्टी लागली की सातारा. घुशींनाही माझ्या सुट्ट्यांचे वेळापत्रक कळले असावे, कारण मधल्या काळात त्या परत येतात आणि त्याचे काम टिकून राहते. यादीची एक प्रत आता आईच्या देवघराच्या दारावर आहे, मोठ्या अक्षरांत. ह्या जातीचे कुत्रे तेरा, चौदा, कधी सोळा वर्षेही जगतात. आमचा चार वर्षांचा झाला. आई ७७ वर्षांची आहे. हा हिशेब आम्ही दोघेही करतो आणि एकमेकांना सांगत नाही.

मात्र त्या वर्षीची एक गोष्ट राहिली. दिवाळी संपल्यावर आईला साताऱ्याला पोचवायला निघालो, तेव्हा कऱ्हाड मागे पडल्यावर ती म्हणाली, "घरी नंतर. आधी माहुलीला घे." संगमावर पोचेपर्यंत ऊन कलले होते. कृष्णेचे पाणी उतरले होते. महाराजांच्या समाधीला नमस्कार करून ती दगडी खंड्यापुढे आली. तीन शतकांच्या उन्हापावसाने त्याचे नाकडोळे झिजून गेले आहेत. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कमरेची चंची सोडली, आणि मोजून पाच बेदाणे त्याच्यापुढे ठेवले.

"तुला काय बाधायचंय आता," ती त्याला म्हणाली. "खा."

मी दोरी दोन्ही हातांनी धरून मागे वाकून उभा होतो. आमचा खंड्या मागच्या दोन पायांवर उभा राहून, जीव खाऊन, पुढे ओढत होता.